पावसाळ्यातील फ्लू आणि इस्पितळाचे पुरुमेंत

फ्लू हा हिवाळ्यातला आजार, ही समजूत युरोप-अमेरिकेतील वैद्यकीय माहितीबरोबर आपल्याकडे आली आणि तिथल्या हवामानापुरती ती खरीही आहे. भारताच्या बऱ्याच भागात मात्र फ्लूचे रुग्ण वर्षातून दोनदा वाढतात, एकदा जानेवारी ते मार्चच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा पावसाळ्यात. पश्चिम किनारपट्टीवर भर असतो तो पावसाळ्यातील लाटेवर. त्यामुळे गोव्यातल्या इस्पितळाने परदेशी दिनदर्शिकेकडे पाहून ऑक्टोबरमध्ये तयारीला सुरुवात केली, तर तोवर मुख्य हंगाम संपत आलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत गोव्यात घरोघरी पुरुमेंताची लगबग चालते. मिरच्या, सुकी मासळी, सोलां, चिंच अशी चार महिन्यांची बेगमी पाऊस पडण्याआधी घरात येऊन पडते. इस्पितळाचे पुरुमेंतही त्याच दिवसांत भरले गेले पाहिजे, असे मला आग्रहाने मांडायचे आहे.

पावसात भिजल्याने फ्लू होत नाही. तो इन्फ्लुएन्झाच्या विषाणूमुळेच होतो. पाऊस त्याला फक्त अनुकूल परिस्थिती निर्माण करून देतो. झड आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद होतात, बसगाड्यांच्या काचा वर चढतात, जूनमध्ये शाळा भरतात, आणि एरवी अंगणात-पडवीत बसणारी माणसे एकाच खोलीत तासन्‌तास एकमेकांचा श्वास वाटून घेतात. लागण झाल्यापासून साधारण १ ते ४ दिवसांत लक्षणे दिसू लागतात, परंतु रुग्ण त्याच्या आदल्या दिवसापासूनच इतरांना विषाणू देऊ लागलेला असतो. हंगाम सुरू झाल्याची बातमी कळून मग सावध होणे पुरेसे का पडत नाही, याचे उत्तर या एका दिवसात आहे.

साध्या सर्दीशी फ्लूची गल्लत नेहमी होते. सर्दी घडवणाऱ्या विषाणूंपैकी एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच १५०हून अधिक प्रकार आहेत, आणि म्हणून तिच्यावर लस नाही. सर्दी हळूहळू चढते. नाक वाहते, घसा खवखवतो, पण माणूस हिंडता-फिरता राहतो. फ्लू मात्र बहुधा एकाएकी गाठतो आणि सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी ताप, अंगदुखी आणि कोरड्या खोकल्याने अंथरुणाला खिळतो.

पुरुमेंतातील पहिली वस्तू म्हणजे लस. फ्लूचा विषाणू सतत रूप पालटत असल्याने जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोन वेळा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते प्रकार असावेत याची शिफारस करते. त्यापुढे लस तयार व्हायला सुमारे ६ महिने लागतात. आपण उत्तर गोलार्धात असलो तरी पावसाळ्यातील लाटेसाठी सप्टेंबरच्या शिफारशीवरून बनलेली, एप्रिलच्या सुमारास हाती येणारी लस वेळेत पडते. टोचल्यानंतर शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास सुमारे २ आठवडे लागतात, म्हणजे मे महिन्याच्या मध्यापर्यंत लस घेतलेल्या माणसाला जूनच्या आरंभी संरक्षण मिळालेले असते. ६ महिने ते ८ वर्षे वयाच्या मुलांना पहिल्याच वर्षी ४ आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, तेव्हा त्यांच्यासाठी एप्रिलमध्येच सुरुवात करावी लागते. विषाणूशी चांगली जुळणारी लस आजारपणाचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. हा आकडा ऐकून काहीजण नाराज होतात, पण गरोदर महिला, मधुमेही, दमेकरी आणि पासष्टी ओलांडलेली माणसे यांच्या बाबतीत गंभीर आजार टळण्याचे मोल फार मोठे आहे, आणि इस्पितळातील कर्मचाऱ्यांनी तर ती स्वतःसाठी आणि वॉर्डातील रुग्णांसाठीही घ्यायला हवी.

लस विकत आणली की काम झाले, असे मात्र नाही. ती सतत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहावी लागते. गरम झाली तर तिचा प्रभाव घटतो आणि गोठली तर ती टाकूनच द्यावी लागते. आरोग्य केंद्रातील परिचारिका दिवसातून दोन वेळा शीतपेटीचा तापमापक पाहून आकडा नोंदवहीत लिहिते, ते दृश्य बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. पण मेच्या अखेरीस वळिवाचा पाऊस सुरू होतो, माडाची झावळी वीजवाहिनीवर पडते, गाव रात्रभर अंधारात राहते, आणि सकाळी त्या पेटीतील शेकडो मात्रा वापरण्याजोग्या उरल्या आहेत की नाहीत, याचा निर्णय त्या नोंदीवरूनच करावा लागतो. पेटीभोवती बर्फाचे अस्तर असेल तर वीज गेल्यावरही काही तास तापमान टिकते, पण तेवढ्या तासांत जनरेटर सुरू झाला पाहिजे, त्यात डिझेल असले पाहिजे आणि तो चालू करणारा माणूस रात्री कोठे सापडेल हे केंद्रात सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

प्राणवायूचा हिशेब याहून कठोर आहे. मोठ्या, म्हणजे जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर प्राणवायू असतो. न्यूमोनिया झालेल्या एका रुग्णाला मिनिटाला १० लिटर द्यावा लागला, तर तो सिलिंडर १२ तासही पुरत नाही. असे दहा रुग्ण एकाच वेळी दाखल झाले, तर दिवसाला वीसहून अधिक सिलिंडर लागतील, आणि तेही घाटरस्त्यावर दरड कोसळण्याच्या किंवा सखल भागात पाणी भरण्याच्या दिवसांत. म्हणूनच पाइपलाइनची गळती तपासणे, सिलिंडरच्या चाव्या आणि प्रवाहमापक नीट चालतात का ते पाहणे, ही कामे मे महिन्यातलीच.

पावसाळ्यातील तापाबाबत गोव्यातील डॉक्टरांपुढे एक विशेष अडचण असते. याच दिवसांत डेंग्यू असतो, मलेरिया असतो, आणि शेतात चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा ताप, थोडक्यात लेप्टो) होण्याची भीती असते. या सर्वांची सुरुवात ताप आणि अंगदुखीनेच होते. सगळीकडे फ्लूची चर्चा सुरू असताना प्रत्येक ताप फ्लूचाच मानला जाण्याचा धोका असतो, आणि लेप्टोच्या रुग्णाला वेळेवर प्रतिजैविक मिळाले नाही तर मूत्रपिंड व यकृतावर गंभीर परिणाम होऊ शकतो. याच्या उलट फ्लूला प्रतिजैविके मुळीच लागू पडत नाहीत. म्हणून खोकला-सर्दी नसलेला ताप, लावणीच्या पाण्यात उतरल्यानंतर आलेला ताप, पोटऱ्यांतील तीव्र वेदना किंवा डोळ्यांची लाली या गोष्टी रुग्णाने आपणहून सांगाव्यात. डेंग्यूची शक्यता दूर होईपर्यंत तापासाठी पॅरासिटामोलच घ्यावे. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

फ्लूच्या रुग्णांची विभागणी करण्यासाठी भारतात अ, ब आणि क असे सोपे वर्गीकरण वापरले जाते. सौम्य लक्षणांच्या अ गटातील रुग्णांना चाचणीचीही गरज नसते आणि विषाणूविरोधी औषधाचीही. त्यांनी घरी विश्रांती घ्यावी. ताप जास्त असलेले किंवा वय, गरोदरपण, जुनाट आजार यांमुळे जोखमीत असलेले रुग्ण ब गटात येतात; जोखमीच्या रुग्णांना ओसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध सुरू केले जाते. हे औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत दिले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. धाप लागणे, छातीत दुखणे, रक्तदाब घसरणे किंवा ओठ-नखे निळसर पडणे ही क गटाची लक्षणे असून अशा रुग्णाला ताबडतोब दाखल करून त्याची चाचणी केली जाते. अ गटातील शंभर माणसे बाह्यरुग्ण विभागात दाटीवाटीने बसली, तर एकमेकांना आणि शेजारी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आलेल्या वृद्धांनाही ती आजार देतात. दारातच खोकणाऱ्याला मास्क देणे, त्यांच्यासाठी वेगळा, वारा खेळणारा कोपरा ठेवणे आणि पाऊस असला तरी खिडकीची वरची झडप उघडी ठेवणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

मात्र कोणी घरी राहायचे आणि कोणी धावत यायचे, हे इस्पितळाच्या दारात नव्हे, गावात ठरते. पंचायत, शाळा, भजनी मंडळ, चर्चची समिती, कोपऱ्यावरची फार्मसी यांनी मेमध्येच ही माहिती लोकांपर्यंत न्यायला हवी. शाळेने पूर्ण हजेरीचे बक्षीस या काळापुरते बाजूला ठेवले, तर तापलेले मूल वर्गात बसणार नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तर मुंबई-पुण्याहून, बेळगावहून आलेली कुटुंबे मूळ घरी एकत्र येतात. आरतीला ऐंशीच्या आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सर्व एका खोलीत असतात. चवथीला जाऊ नका, असे कोणी सांगणार नाही आणि सांगूही नये. पण अंगात ताप असेल तर तो औषधाशिवाय उतरून २४ तास होईपर्यंत प्रवास पुढे ढकलावा, खोकला असेल तर आजीजवळ मास्क लावून बसावे, माटोळीजवळची (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीजवळची) खिडकी उघडी ठेवावी. साबणाने २० सेकंद हात धुतल्यास विषाणूभोवतीचे स्निग्ध आवरण फुटते आणि तो निकामी होतो.

आजारी माणसाच्या घरात ऑक्सिमीटर (रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखवणारे यंत्र) असल्यास दिवसातून दोन-तीनदा आकडा पाहावा. तो ९४च्या खाली गेला, रुग्ण गोंधळल्यासारखा बोलू लागला, किंवा उतरलेला ताप दोन-तीन दिवसांनी खोकल्यासह पुन्हा चढला, तर सकाळची वाट पाहू नये. लहान मुलांत श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणे, दूध न पिणे आणि बराच वेळ लघवी न होणे ही तशीच धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला उशांच्या आधाराने बसते ठेवावे.