मुखडा की मधलं म्युझिक? कापलेल्या रिंगटोनची पार्श्वभूमी

मोबाइल कुणी उचललाच नाही तर तो किती वेळ वाजावा, यावरून २०१९ मध्ये टेलिकॉम कंपन्यांची चांगलीच जुंपली होती. रिंग लवकर थांबवली की मिस्ड कॉल पडतो, समोरचा उलट फोन लावतो आणि ज्याच्या नेटवर्कवर कॉल जातो त्याला मिळणाऱ्या पैशांचा हिशेब फिरतो. अखेर १ नोव्हेंबरला टेलिकॉम क्षेत्राचे नियम ठरवणाऱ्या ट्रायने आकडे ठरवून दिले: मोबाइलला ३० सेकंद, लँडलाइनला ६०. कॉम्प्युटरवर गाणी कापून रिंगटोन करणाऱ्यांना तीसचा आकडा त्याआधीच पाठ होता. त्यापुढचं कुणाच्या कानावर पडतंय!

मुळात फोनमध्ये गाणं नव्हतंच. होती ती एका वेळी एकच सूर काढणारी पिपाणी. नोकियाची ती जगभर ओळखीची झालेली धून १९९४ च्या २११० या मॉडेलपासून वाजू लागली. फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ मधल्या रचनेतला तो तुकडा. पुढे मुंबईत मोबाइल आला तेव्हा तो मॅक्सटचचा किंवा बीपीएलचा, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. त्यामुळे आधी नंबर बघायचा, मग उचलायचं की नाही ते ठरवायचं. हँडसेट स्वस्त होत गेले तसा लोकलच्या डब्यात वेगळाच घोटाळा होऊ लागला. एक फोन वाजला की चार जण खिसे चाचपायचे, कारण धून सगळ्यांची तीच.

यावरचा पहिला तोडगा फोनमध्येच होता. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० मध्ये कंपोझर होता. १ ते ७ ही बटणं म्हणजे सात स्वर, ० म्हणजे विराम, ८ ने स्वर आखूड, ९ ने लांब, स्टारने सप्तक बदलायचं आणि हॅशने स्वर अर्ध्या पायरीने चढवायचा. पेटीवर बोटं फिरलेली असतील त्याला हे चटकन जमायचं. १ ला सा धरला की झालं. कोमल गंधार हवा असेल तर २ दाबून हॅश. ज्यांना स्वरज्ञान नव्हतं त्यांच्यासाठी फुटपाथवर पातळ पुस्तकं मिळायची, गाण्याच्या नावापुढे नुसती आकड्यांची रांग. मींड, हरकत यातलं काही येत नसे. पण आपल्या हाताने बसवलेली धून म्हणून तिचं कौतुक असायचं.

धून एसएमएसमधून पाठवता येते म्हटल्यावर ती विकताही येते. ८८८८ सारख्या नंबरवर कोड पाठवायचा, बॅलन्स कापला जायचा, धून यायची. मग पॉलिफोनिक, म्हणजे एका वेळी अनेक सूर काढणाऱ्या धूनचं पर्व आलं. तिच्यात बासरी, तबला, गिटार एकदम वाजत, पण ती असायची मिडी फाइल, आणि मिडी फाइलमध्ये आवाज साठवलेला नसतो. कुठला स्वर कुठल्या वाद्यावर केव्हा वाजवायचा, एवढ्या सूचना असतात. म्हणून अख्खं गाणं काही केबीत मावायचं, आणि म्हणूनच गायिकेच्या गळ्याची जागा एखादी बिचारी बासरी घ्यायची. शिवाय विकणारे बहुतेक वेळा मुखडाच विकत. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं, गाणं ओळखलं जातं ते मुखड्यावर. पण माणसाचा जीव अडकलेला असतो भलत्याच ठिकाणी: दोन कडव्यांमधल्या व्हायोलिनच्या तुकड्यात, नाहीतर अंतऱ्याच्या चढत्या ओळीत. ही निवड ऐकणाऱ्याच्या हाती आली ती कॉम्प्युटरमुळे. पैसे वाचले हे खरं, पण माझ्या मते खरी गंमत या निवडीतच होती.

एमपी३ हे आवाजाची फाइल लहान करण्याचं तंत्र जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत घडलं आणि फाइलच्या नावामागे लागणारी ती तीन अक्षरं १९९५ मध्ये ठरली. १२८ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट धरले तर, पाच मिनिटांचं गाणं साधारण ४.८ एमबी भरतं, तीस सेकंदांचा तुकडा ४८० केबी. फोनमध्ये मोजून काही एमबी जागा असताना गाणं कापणं ही आधी गरज होती, हौस नंतरची. हत्यारही फुकट मिळालं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलेलं ऑडॅसिटी हे आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर मे २००० मध्ये लोकांसाठी खुलं झालं.

मुंबईत ही विद्या पसरवली ती मोबाइलच्या दुकानांनी. लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट ही मोठी ठाणी, पण खरं काम चाले ते उपनगरांत स्टेशनलगतच्या गाळ्यांत. रिचार्ज, कव्हर, आणि कोपऱ्यात एक धुळकट कॉम्प्युटर. मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचे पैसे. रिंगटोन कापून देणं ओळखीवर. पोरगा हेडफोन एका कानाला लावून पडद्यावरची लहरींची पट्टी माउसने ओढतोय आणि काउंटरबाहेरून गिऱ्हाईक सांगतंय, "तिथून नको रे, ढोलकी पडते तिथून."

ढोलकी पडते तिथून, हे सांगणं अचूक होतं. रिंगटोन संपली की पुन्हा पहिल्यापासून वाजते, त्यामुळे तुकडा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू करून पुढच्या समेच्या आधी तोडला तरच ठेका अखंड राहतो. केहरवा ताल मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत असेल तर आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत पुरं होतं. सात आवर्तनं घेतली की २८ सेकंद, काम फत्ते. दुसरी खुबी अशी की फोनच्या इवल्याशा स्पीकरला खर्ज पेलत नाही, नुसता खरखरतो. तो आधीच कमी करून मधल्या पट्टीचा आवाज चढवायचा. सुरुवातीला लांब फेड-इन देणाऱ्यांचं मला नवल वाटतं. बाजारात, गाडीत फोन वाजलाय हे कळायलाच हवं ना!

ॲपलने २००७ मध्ये यातही काटा मारला. विकत घेतलेल्या गाण्याची रिंगटोन करायची तर पुन्हा ९९ सेंट. लोकांनी लगेच शोधून काढलं की एम४ए फाइलच्या नावातलं शेवटचं अक्षर बदलून एम४आर केलं की फोन ती निमूट स्वीकारतो. अँड्रॉइडवर तेवढाही खटाटोप नव्हता. रिंगटोनच्या फोल्डरमध्ये फाइल टाकली की संपलं.

कायद्याचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला वाजवी मर्यादेत मोकळीक आहे. दुकानात कार्ड भरून विकणं त्यात बसत नाही. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने पक्का झाला. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत आग्रहाने बोलले होते.

डेटा स्वस्त झाला तसे ते कोपऱ्यातले कॉम्प्युटर उठले आणि बहुतेकांचे फोन व्हायब्रेटवर गेले. अजून हौसेने रिंगटोन मागतात ते आजी-आजोबा: अमुकच अभंग, मोठ्या आवाजात, आणि मुलाचा फोन आला तर वेगळा. नातवंडं ते फोनवरच दोन मिनिटांत करून देतात, फक्त टाळ-मृदंग रंगात यायच्या आतच तुकडा तोडतात आणि मग आजोबांची बोलणी खातात.