अमेरिकेतले युद्ध आणि नागपूरचा कापूस

तिसरे रघूजी भोसले 11 डिसेंबर 1853 रोजी वारले. औरस मुलगा नव्हता. दत्तक मान्य करायचा की राज्य खालसा करायचे, हा निर्णय गव्हर्नर जनरल डलहौसीच्या हाती होता आणि तो काय असणार हे कलकत्त्यात कुणाला सांगावे लागत नव्हते. जानेवारी 1854 मध्ये डलहौसीने या प्रकरणावर जे टिपण लिहिले, त्यात वारसाहक्काच्या युक्तिवादाच्या बरोबरीने एक वेगळाच मुद्दा येतो. हिंदुस्थानातला उत्तम आणि स्वस्त कापूस वऱ्हाडात आणि त्याला लागून असलेल्या जिल्ह्यांत पिकतो, आणि इंग्लंडला तो हवा आहे. याआधी काही महिनेच, मे 1853 मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने थकलेल्या कर्जापोटी निजामाकडून वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतले होते. नागपूरही खालसा झाले आणि वर्धा नदीच्या दोन्ही काठांची काळी जमीन अशा रीतीने एका वर्षाच्या आत एकाच मालकाकडे गेली.

शाळेत आपण ‘राज्य खालसा’ हे प्रकरण दत्तक वारसापाशीच संपवतो. माझ्या मते खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते, आणि ती समजायला नागपूरबाहेर बरेच लांब जावे लागते.

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या (मँचेस्टरच्या भोवतीचा मुलूख) कापड गिरण्यांना त्या काळी लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येई. 1860 च्या सुमारास तिथे जवळजवळ 40 लाख माणसे गुलाम होती आणि कापसाची वेचणी मुख्यतः त्यांच्याच हातांनी होई. आपला बहुतेक कच्चा माल एकाच देशातून येतो, तोही गुलामगिरीवर उभ्या असलेल्या देशातून, याची मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना धास्ती होतीच. हिंदुस्थानातल्या कापसासाठी रस्ते आणि रेल्वे बांधा, हे त्यांचे टुमणे 1861 च्या बरेच आधीपासून चालू होते. तेव्हा विदर्भाला कापसाचा मुलूख अमेरिकेतल्या युद्धाने बनवले, असे जे सहज म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. हिंगणघाटची ‘बनी’ जात त्याआधीही नावाजलेली होती. बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे नागपूर भागातला कापूस मिर्झापूरला नेत, आणि तिथून तो गंगेवाटे बंगालकडे जाई. युद्धाने घाई केली, आणि भाव चढवला.

12 एप्रिल 1861 रोजी साऊथ कॅरोलायनातल्या फोर्ट समटर किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या आणि अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण राज्यांतले यादवी युद्ध पेटले. आठवडाभरात राष्ट्राध्यक्ष लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. पुढच्या वर्षी लँकेशायरच्या चात्या (सूत कातणारी यंत्रे) थांबल्या आणि लाखो कामगार मदतीच्या भाकरीवर आले. मग हिंदुस्थानी कापसाला मागणी आली. नाइलाजाने आली, कारण हा माल आखूड धाग्याचा, आणि वजन वाढवायला त्यात सरकी-कचरा मिसळलेला असे. ‘देवा, कापूस दे, पण सुरती नको’ अशी प्रार्थना तिथले कामगार करत, असा किस्सा सांगतात. (हिंदुस्थानी कापूस कुठलाही असो, तिकडे त्याचे नाव सुरती.) तरीही मुंबईत भाव तिप्पट-चौपट झाले. कापसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा (चाकाभोवतीच्या पट्ट्या) बसवल्याच्या कथा तेव्हाच्या सरकारी कागदांत येतात. अतिशयोक्ती वजा केली तरी पैसा आला होता, हे खरे.

सरकारही लगोलग हलले. 1861 मध्येच मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. पुढे प्रांताला आणि वऱ्हाडाला मिळून कापसासाठी खास कमिशनर नेमला गेला. मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे मात्र नागपूरला पोचली 1867 मध्ये. अमेरिकेतले युद्ध त्याआधी दोन वर्षे, एप्रिल 1865 मध्ये, संपले होते आणि भाव कोसळले होते. गाडी आली तेव्हा तेजी गेलेली होती, पण पऱ्हाटीखाली, म्हणजे कपाशीखाली, गेलेली जमीन आणि तेजीत काढलेले कर्ज दोन्ही जागच्या जागी होते. त्याच गाडीने कापसाच्या गाठी मुंबईला जाऊ लागल्या आणि परतीच्या डब्यांतून मँचेस्टरचे कापड नागपूरच्या इतवारी बाजारात येऊ लागले.

मुंबईतल्या पडझडीत अनेक पेढ्या बुडाल्या. टाटांची पेढीही अडचणीत आली. विशीतले जमशेटजी त्या वेळी नेमके लंडनमध्ये होते आणि जवळच्या हुंड्यांची किंमत उतरलेली. 1868 च्या ॲबिसिनियाच्या (आजचा इथिओपिया) मोहिमेसाठी इंग्रज फौजेला पुरवठा करण्याचे कंत्राट मिळाले आणि घराणे सावरले. एका युद्धात गेले, ते दुसऱ्यात परत आले. त्यानंतर गिरणीसाठी जागा शोधताना जमशेटजींनी मुंबई सोडून नागपूर निवडले, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. हिशेब साधा होता: कापूस दारात, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे तयार. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन भरून काढताना एका मारवाडी सावकाराने, हा माणूस सोने मातीत घालतो आहे म्हणून, पैसे द्यायला नकार दिला आणि पुढे आपले शब्द मागे घेतले, ही आख्यायिका नागपुरात अजून ऐकू येते.

1 जानेवारी 1877 रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले, म्हणून नाव एम्प्रेस, म्हणजे सम्राज्ञी. सुरुवातीला सुमारे 30 हजार चात्या आणि 450 माग होते. मूळ अमेरिकेत शोधलेली रिंग चाती, म्हणजे सूत कातण्याची नवी पद्धत, भारतात पहिल्यांदा वापरणाऱ्यांत ही गिरणी होती. 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंडही निघाला. गिरणी 2002 मध्ये बंद पडली. त्या जागेवर आता मॉल आहे.

हातमागाचे काय झाले, हे नागपूरच्या कोष्टी (विणकर) वस्त्यांना विचारावे. विलायती कापडाने साधे, जाडेभरडे विणकाम मारले. पण रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी यंत्राला सहज जमत नव्हती, तेवढ्या कोपऱ्यात कोष्ट्यांचे माग टिकले. सूत मात्र हळूहळू गिरणीचे झाले.

गिरणीच्या कामगारांत महार समाजाची संख्या मोठी होती. गावकीच्या बलुत्याऐवजी रोख पगार, भोंग्यावर चालणारी पाळी आणि शहरातली दाट वस्ती यांतून सभा भरवणारी, वर्गणी काढणारी, मुलांना शाळेत घालणारी पिढी तयार झाली. 1920 मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात बहिष्कृत परिषद भरली. जुलै 1942 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाचा पाया इथेच घातला गेला. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेसाठी नागपूर का, याचे उत्तर बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिले. त्यांनी नाग लोकांचा आणि बौद्ध धर्माच्या प्रसारातल्या त्यांच्या कामाचा दाखला दिला. तो इतिहास आपल्या जागी आहेच. पण लाखोंची दीक्षा ज्या शहरात पार पडली, तिथली चळवळ तोवर निदान दोन पिढ्या कामगार वस्त्यांमध्ये मुरलेली होती, हेही त्या उत्तराशेजारी लिहून ठेवायला हवे.