पांढरा पुतळा काळ्या शाईत छापायचा कसा?

पांढरा पुतळा, पांढरा कागद आणि हाताशी फक्त काळी शाई. व्हिक्टोरियन काळात पुतळ्यांची चित्रं छपाईसाठी धातूच्या प्लेटवर कोरणाऱ्या कारागिरांपुढचा हा रोजचाच प्रॉब्लेम. अमेरिकन शिल्पकार हायरम पॉवर्सचा ‘ग्रीक स्लेव्ह’ हा पुतळा १८५१ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवला होता, बघायला झुंबड, पण ज्यांना तिथं जाणं जमलं नाही त्यांना असे पुतळे भेटले ते छापील चित्रांतूनच, ‘आर्ट जर्नल’सारखी मासिकं तर ती नेमानं द्यायची.

आता संगमरवर नुसता पांढरा नसतो. पडलेला उजेड थोडा आत शिरतो, स्फटिकांमध्ये इकडेतिकडे फिरून बाहेर येतो, म्हणून सावल्यांच्या कडा मऊ दिसतात आणि दगड असूनही कातडीचा भास होतो. हे नुसत्या रेघांनी दाखवायला गेलं की गालावर जाळी मारल्यासारखं दिसतं. मग अंगासाठी ठिपके! उजळ भागात बारीक नि विरळ, सावलीत मोठे नि दाट, लांबून बघताना डोळा ते आपोआप मिसळतो आणि करडी छटा दिसते. कपडे, चौथरा मात्र बिनधास्त रेघांनी. मागची बाजू बरेचदा मुद्दाम गडद, कारण सगळ्यात पांढरी जागा म्हणजे शेवटी कोरा कागदच, त्याला उजळवायचं तर शेजारी अंधार हवा.

या छपाईत शाई प्लेटवर कोरलेल्या खाचांमध्ये भरतात, वरची पुसून टाकतात आणि ओलसर कागद ठेवून रोलरखाली जोरात दाबतात. तांब्याची प्लेट मऊ, त्यामुळे प्रत्येक प्रतीला थोडी झिजते आणि सगळ्यात आधी जातात ते चेहऱ्यावरचे नाजूक ठिपके. पोलादाची प्लेट आली आणि हजारोंनी प्रती निघायला लागल्या, पण ती कोरताना जीव जायचा म्हणून बरंचसं काम धातू खाणाऱ्या ॲसिडकडून करून घेत.

एक गोष्ट मात्र हातची जायचीच, ती म्हणजे रंग. शिल्पकार जॉन गिब्सननं व्हीनस देवीच्या पुतळ्याला चक्क हलका रंग दिला होता, लंडनच्या १८६२च्या प्रदर्शनात त्यावरून भरपूर वाद झाले, आणि काळ्या शाईत छापली की तीही बाकीच्यांसारखीच पांढरी!

जुन्या बाजारात असं चित्र दिसलं तर भिंग लावा. ठिपके सरळ रांगांत, एकसारख्या अंतरावर असतील तर ती नंतरची फोटोवरून केलेली छपाई. वेडेवाकडे, लहानमोठे असतील आणि चित्राभोवती प्लेट दाबल्याची चौकट बोटाला लागली तर किंमत विचारायला हरकत नाही.