बिंगो पिनबॉल

बिंगो पिनबॉल हा नाणे टाकून खेळायच्या पिनबॉल यंत्रांचा जुगाराकडे झुकलेला उपप्रकार असून तो १९५० च्या दशकात अमेरिकेत फोफावला. यात फ्लिपर, म्हणजे गोळी परत वर उडवणाऱ्या हलत्या पट्ट्या, नसतात. उतरत्या फळीवर १ ते २५ क्रमांकांची भोके असतात आणि खेळाडू बहुधा पाच पोलादी गोळ्या एकेक करून सोडतो. गोळी ज्या भोकात बसेल तो आकडा समोरच्या उभ्या काचेवरील बिंगो कार्डावर, म्हणजे आकड्यांच्या चौकटीत, उजळतो. तीन, चार किंवा पाच आकडे एका ओळीत जुळले, की मोफत खेळ जमा होतात.

पहिले यंत्र युनायटेड कंपनीचे ‘ए-बी-सी’ मानावे की बॅलीचे ‘ब्राइट लाइट्स’, याविषयी मतभेद आढळतो. दोन्ही शिकागोची व १९५१ मधीलच आहेत. ‘ब्राइट लाइट्स’वर सहा कार्डे होती. अग्रमानाच्या या वादापेक्षा कायद्याची पार्श्वभूमी अधिक निर्णायक वाटते. जानेवारी १९५१ मधील जॉन्सन कायद्याने जुगारयंत्रांच्या आंतरराज्य वाहतुकीवर निर्बंध आणले आणि त्यामुळे घोड्यांच्या शर्यतीवर बेतलेल्या एकगोळी यंत्रांना पर्याय शोधणे उत्पादकांना भाग पडले असावे. पैसे चुकते करणाऱ्या पिनबॉलची कल्पना मात्र त्याहून जुनी असून बॅलीचे ‘रॉकेट’ हे तसे यंत्र १९३३ चे आहे.

यंत्राच्या पोटात इलेक्ट्रॉनिक भाग नसतात. मोटर, कॅम (फिरताना स्विच दाबणाऱ्या चकत्या), रिले (विजेने चालणारे स्विच) आणि टप्प्याटप्प्याने सरकणाऱ्या संपर्कचकत्या यांवर सारा हिशेब चालतो. जादा नाणी टाकल्यास जिंकण्याचे दर वाढू शकतात, परंतु ते वाढतीलच असे नाही. खेळाडू जिंकू लागला की ही शक्यता घटवणारा आणि तो हरू लागला की ती वाढवणारा ‘रिफ्लेक्स’ हा स्वतंत्र भाग या रचनेचे खास वैशिष्ट्य होय.

काचेवर ‘कोनी आयलंड’, ‘पाम बीच’, ‘अटलांटिक सिटी’ अशी किनारी सहलस्थळे वारंवार दिसतात. अवकाशयुगाचे आकर्षण गॉटलीब कंपनीच्या ‘रॉकेट शिप’ (१९५८) यासारख्या फ्लिपरयुक्त यंत्रांवर अधिक ठळकपणे उमटले. चित्राचा रंग काचेच्या मागील बाजूस असल्याने दिव्यांच्या उष्णतेने त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून अखंड काच संग्राहकांना मोलाची वाटते.

जमा झालेल्या मोफत खेळांचे दुकानदार रोख पैसे देई व एक कळ दाबून आकडा शून्यावर आणी. या व्यवहारामुळेच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये कोर्पन खटल्यात अशा यंत्रांना करमणूक यंत्रांच्या १० डॉलर कराऐवजी जुगारयंत्रांचा २५० डॉलर वार्षिक कर लागू असल्याचा निर्णय दिला. बेल्जियममध्ये मात्र १९९९ च्या कायद्याने कॅफेंना परवान्याखाली बिंगो यंत्रे ठेवण्याची मुभा दिली आहे.