अठ्ठावीस फुटांचे छत्र

5 जून 1944 च्या संध्याकाळी इंग्लंडमधील अनेक विमानतळांवर अमेरिकेच्या 82 व्या आणि 101 व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सुमारे 13 हजार छत्रीधारी सैनिक जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्सच्या नॉर्मंडी किनारपट्टीवरील उडीसाठी अंगावर सामान चढवत होते. पाठीवर मुख्य पॅराशूट, छातीवर राखीव पॅराशूट, त्याखाली पाण्यात तरंगण्यासाठीचे जॅकेट, शिवाय रायफल, काडतुसे, हातबॉम्ब, सुरुंग, शिधा आणि प्रथमोपचाराचे साहित्य इतके सगळे बांधल्यावर कित्येकांना सी-47 विमानाची छोटी शिडीही आपली आपण चढता येईना. खालून कोणीतरी ढकलायचे आणि वरून कोणीतरी हात धरून ओढायचे, तेव्हा तो सैनिक आत जायचा.

हा भार वाढत गेला, तरी त्याला झेलणारे छत्र तेवढेच राहिले. या सैनिकांच्या टी-5 नावाच्या मुख्य पॅराशूटचा व्यास 28 फूट होता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे त्याच छत्राखालचे वजन दुप्पट केले तरी उतरण्याचा वेग दुप्पट न होता सुमारे 1.4 पटच होतो. ऐकायला हे दिलासादायक वाटते. ढोबळ हिशेब केला, तर सामानासह 110 किलो वजनाचा माणूस या छत्राखाली सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने जमिनीवर येतो, म्हणजे सात फुटांच्या भिंतीवरून उडी मारल्यासारखा. 140 किलोंचा माणूस सेकंदाला सात मीटरपेक्षा थोड्या अधिक वेगाने येतो. फरक किरकोळ दिसतो खरा, पण पाय आणि घोटे यांना जी ऊर्जा जिरवावी लागते ती वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि या उदाहरणात ती 60 टक्क्यांनी अधिक भरते. प्रशिक्षणात जमिनीवर टेकण्याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेत, तो याच कारणाने.

त्याआधीचा धोका पॅराशूट उघडताना होता. सैनिकाच्या पाठीवरील पिशवीला 15 फुटांचा पट्टा जोडलेला असे आणि त्याचा हूक विमानातील आडव्या तारेत अडकवलेला असे. उडी मारताच पट्टा ताणला जाऊन पॅराशूट आपोआप उघडे. अमेरिकी रचनेत आधी छत्र बाहेर पडून हवा धरे आणि दोऱ्या त्यानंतर पूर्ण ताणल्या जात, त्यामुळे झटका जबरदस्त बसे. ब्रिटिश पॅराशूटमध्ये आधी दोऱ्या आणि मग छत्र, असा क्रम असल्याने तो सौम्य असे. उडीच्या वेळी विमानाचा वेग ताशी 110 मैलांच्या आसपास असावा, असे ठरले होते. प्रत्यक्षात ढगांत आणि विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात सापडलेल्या अनेक वैमानिकांनी वेग वाढवला. ताशी 110 ऐवजी 150 मैल वेग धरला, तर हवेचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. उडीच्या थोडेच दिवस आधी अनेकांना पायाला बांधायच्या ब्रिटिश बनावटीच्या सामानपिशव्या मिळाल्या होत्या. त्यातल्या कित्येक या झटक्याने तुटून अंधारात गेल्या, आणि त्यांबरोबर शस्त्रेही गेली. एक चांगली वस्तू दुसऱ्याच पॅराशूटला आणि दुसऱ्याच वेगाला जोडली गेली, असे मला यात दिसते. सैनिकांच्या धैर्यात काही उणे नव्हते.

विमानातील तयारीचा क्रम मात्र विलक्षण चोख होता. लाल दिवा लागला की सगळे उभे राहत, हूक तारेत अडकवत, प्रत्येक जण पुढच्याच्या पाठीवरील पिशवी आणि पट्टा हाताने चाचपून पाहत असे, आणि मग रांगेच्या शेवटच्या माणसापासून दाराकडे एकेक आकडा ओरडून सांगितला जाई. हिरवा दिवा लागल्यावर रेंगाळायला वाव नसे, कारण विमान दर सेकंदाला सुमारे 50 मीटर पुढे जाते. 18 जणांनी एकेक सेकंदाच्या अंतराने उडी मारली, तरी पहिला आणि शेवटचा यांच्यात पाऊण किलोमीटरहून अधिक अंतर पडते. त्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण होता आणि तो मुद्दाम निवडलेला होता, पण किनाऱ्यावरील ढगांनी विमानांची रचनाच विस्कटून टाकली.

सर्वांत वाईट प्रसंग पाण्यावर उतरलेल्यांवर आला. जर्मनांनी मेर्देरे आणि दूव्ह नद्यांकाठची कुरणे पाण्याखाली घातली होती, आणि पाण्यातून वर आलेल्या गवतामुळे हवाई छायाचित्रांत ती जागा साध्या कुरणासारखी दिसली. टी-5 चे पट्टे तीन वेगवेगळ्या हुकांनी बंद होत. ओल्या, ताणलेल्या पट्ट्यांचे ते हूक थंड पाण्यात, सामानाखाली हात घालून एकेक करून सोडवणे अत्यंत कठीण होते, आणि काही सैनिक अगदी उथळ पाण्यातही बुडाले. उडीच्या गणवेशात गळ्याजवळ चाकूसाठी एक छोटा खिसा होता, त्याला दोन्ही बाजूंनी चेन असे, म्हणजे एक हात अडकला तरी दुसऱ्याने चाकू काढून पट्टे कापता येतील. ब्रिटिश पॅराशूटवर त्या वेळीही छातीवरचे एकच कडे फिरवून दाबले की सगळे पट्टे एकदम सुटत असत. अमेरिकी पॅराशूटला तशी सोय युद्धाच्या अखेरच्या काळात मिळाली.