पोरगी ३ चा ६ का काढते?

शेजारची पहिलीतली पोरगी परवा पाटी घेऊन आली, ३ काढ म्हटलं तर ६ काढून मोकळी, आणि आई लगेच म्हणाली, "बघा ना ताई, हिचं लक्षच नसतं." पण लक्षाचा प्रश्नच नाही हो. म्हैस डावीकडे तोंड करून उभी असो नाहीतर उजवीकडे, म्हैस ती म्हैसच, ही मेंदूची लाखो वर्षांची सवय. लिखाण येऊन जेमतेम ५ हजार वर्षं झालीत, तेवढ्यात वाचनासाठी वेगळा भाग कुठून तयार होणार, म्हणून वस्तू ओळखणारा डाव्या बाजूचा मागचा-खालचा एक भाग पोर वाचायला लागलं की अक्षरांच्या कामाला लागतो आणि येताना जुनी सवयही घेऊन येतो. तोंड फिरलं की चीजच बदलते हे त्याला नव्याने शिकायचं असतं. आणि आपल्या ३ नि ६ नी तर एकमेकांकडे पाठच फिरवलीय, उगाच का छत्तीसचा आकडा म्हणतात! ५-६ वर्षांच्या पोरांचं असं उलटं लिहिणं अगदी नॉर्मल आहे, त्यावरून मारू नका प्लीज.

वाचतानाही असंच. आमच्या मिरजेचंच नाव घ्या, "मि" मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते पण तोंडातून आधी म यायला हवा, तिथे पोर अडखळतं. मला विचाराल तर आधी हळद, काना नाही मात्रा नाही आणि सांगलीच्या पोराला वासासकट माहीत, मग नुसत्या कान्याचा सातारा, मिरज त्यानंतर. क ते ज्ञ घोकून होईपर्यंत शब्दच द्यायचे नाहीत हे मला पटत नाही.

आणि नुसतं गिरवून घेऊ नका. २०१२ साली अमेरिकेत वाचता न येणाऱ्या ५ वर्षांच्या मुलांना काही अक्षरं बघून आपल्या मनाने काढायला दिली, काही गिरवायला, काही टाइप करायला, मग स्कॅन केलं, तर मनाने काढलेली अक्षरं बघताना वाचनाचा भाग जास्त जागा झाला. मनाने काढलेलं अक्षर दरवेळी जरा वेगळं येतं, कदाचित त्यातूनच मेंदूला कळत असावं की एवढं वाकडं चालतं, याच्या पुढे नाही.

काल त्या पोरीला परातीत रवा पसरून दिला, सांगितलं ३ ची पाठ जेवायच्या हाताकडे. तिसऱ्यांदा बरोबर आला, चौथ्यांदा परत ६, पण तिनेच तळव्याने पुसला आणि आधी जेवायचा हात वर करून बघितला.