एडॅट टेपवरचे आठ ट्रॅक संगणकात: आजच्या अडचणी कुठून आल्या

एडॅट या आठ ट्रॅकच्या (एकाच वेळी आठ वेगळे आवाज नोंदवणाऱ्या) डिजिटल टेपयंत्राच्या जुन्या टेप आता धडाधड संगणकात उतरवल्या जात आहेत. त्यात अडणाऱ्या बहुतेक गोष्टींची मुळे यंत्राच्या मूळ रचनेत आहेत. अलेसिस कंपनीने १९९१ च्या जानेवारीत नॅम या संगीत-उपकरणांच्या व्यापारी प्रदर्शनात एडॅट दाखवले आणि १९९२ मध्ये ते बाजारात आले. चार हजार डॉलरच्या आत आठ ट्रॅकचे डिजिटल रेकॉर्डिंग तोवर कुणी दिले नव्हते.

हार्ड डिस्क सोडून कंपनीने साधी एस-व्हीएचएस कॅसेट का निवडली? १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झने (म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल, आवाजाची मोजमापे, घेऊन) आठ ट्रॅक नोंदवायचे तर सेकंदाला ७,६८,००० बाइट लागतात. म्हणजे चाळीस मिनिटांचे सुमारे १.८४ गीगाबाइट झाले. एवढी साठवण तेव्हाच्या घरगुती संगणकाच्या आवाक्याबाहेर होती, पण १२० मिनिटांच्या व्हिडिओ कॅसेटवर ती मावत होती. त्यासाठी टेप व्हीसीआरच्या तिप्पट वेगाने पळवावी लागे, म्हणून १२० मिनिटांची कॅसेट चाळीस मिनिटांतच संपते. याच निवडीमुळे आजही एडॅटमधून फाइल ‘कॉपी’ करता येत नाही. चाळीस मिनिटांची टेप उतरवायला चाळीस मिनिटेच लागतात.

आवाज बाहेर काढायला कंपनीने ऑप्टिकल केबल दिली. एका केबलमधून आठ चॅनल जातात, आणि २४ बिटपर्यंतची सोय तेव्हाच करून ठेवली होती. प्रतिस्पर्धी टॅस्कम कंपनीने १९९३ मध्ये हाय-८ कॅसेटवर चालणारे डीए-८८ हे आठ ट्रॅकचे यंत्र आणले आणि त्याला २५ पिनांची टीडीआयएफ ही डिजिटल जोडणी दिली. आजच्या ऑडिओ इंटरफेसवर (आवाज संगणकात नेणाऱ्या उपकरणावर) टीडीआयएफ क्वचितच सापडते, एडॅट ऑप्टिकल मात्र सर्रास असते. त्यामुळे एडॅटच्या टेप उतरवणे तुलनेने सोपे राहिले आहे.

केबल जोडल्यावर पहिला प्रश्न क्लॉकचा, म्हणजे सॅम्पलचा ताल धरणाऱ्या घड्याळाचा, येतो. इंटरफेसचा क्लॉक ‘ऑप्टिकल’वर ठेवावा, म्हणजे टेपयंत्र चालवेल त्या तालावर संगणक चालतो. तो ‘इंटर्नल’वर राहिला, तर दोन क्लॉक हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि दर थोड्या वेळाने ‘टिक’ ऐकू येते. ही टिक एकदा फाइलमध्ये गेली की नीट निघत नाही. हा डिजिटल मार्ग असल्याने लेव्हल कुठेही वाढवू वा कमी करू नये.

दुसरी गफलत सॅम्पल रेटची. पहिल्या मॉडेलवर ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे सीडीच्या सॅम्पल रेटची, वेगळी निवड नव्हती. सीडीसाठी काम करणारे पिच -१४७ सेंटवर (सेंट म्हणजे सेमीटोनचा, अर्धस्वराचा, शंभरावा भाग) आणून रेकॉर्ड करत. अशी टेप पिच शून्यावर ठेवून वाजवली, तर गाणे जवळजवळ दीड सेमीटोन वर जाते. डब्यावरची नोंद वाचावी, नाहीतर एखाद्या ठरावीक सुराच्या वाद्याशी पडताळावे. तशी टेप निघाली, तर ४८ वरच उतरवावी आणि नंतर रूपांतर न करता फाइलवर ४४.१ ची नोंद करावी. सॅम्पल तेच राहतात, सूर आणि लय मूळ जागी येतात.

खरी कसोटी दोन यंत्रांवर केलेल्या सोळा ट्रॅकच्या कामात लागते. ऑप्टिकल केबलमधून आवाज आणि क्लॉक येतात, टेपवरची जागा येत नाही. त्यासाठी वेगळी ९ पिनांची सिंक केबल होती आणि तिच्यावर १६ यंत्रांपर्यंत सॅम्पलगणिक जुळणी व्हायची. इंटरफेसला एकच ऑप्टिकल इनपुट असेल, तर दोन्ही यंत्रे सिंकने बांधून दोन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत पहिल्या यंत्राचे आठ ट्रॅक घ्या, दुसऱ्या फेरीत दुसऱ्याचे. मात्र दोन्ही वेळा पहिल्या यंत्रावरचा एक ठोक्याचा ट्रॅक अॅनलॉग इनपुटमधूनही रेकॉर्ड करा. अॅनलॉग वाटेचा उशीर दोन्ही फेऱ्यांत सारखाच असतो. त्यामुळे ते दोन ठोके एकमेकांवर बसवले की सोळाही ट्रॅक जुळतात. नुसत्या कानाने जुळवलेल्या ड्रममध्ये फेजचा पोकळपणा (लहरी किंचित पुढेमागे पडून एकमेकींना खोडल्याने येणारा) राहतो, आणि मिक्स करताना तो फार त्रास देतो.

टेपवरची चूक सुधारण्यापलीकडे गेली की यंत्र आजूबाजूच्या सॅम्पलवरून अंदाजाने जागा भरते. हे नेहमी ऐकू येतेच असे नाही. म्हणून प्रत्येक टेप दोनदा उतरवावी, दोन्ही प्रती सॅम्पलवर जुळवून एकीची पोलॅरिटी उलटी करावी (तिची लहर उलटवावी) आणि दोन्ही एकत्र वाजवाव्यात. निखळ शांतता आली तर प्रती सारख्या आहेत. जिथे काही उरते, तिथे वाचनात चूक आहे. मग हेड (यंत्राचा टेप वाचणारा भाग) स्वच्छ करून तेवढा भाग पुन्हा घ्यावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ठेवलेल्या टेपवर पांढरी बुरशी दिसली, तर ती यंत्रात घालूच नये. तीच घाण हेडवरून पुढच्या टेपवर जाते. टेपचा प्रकारही आधी पाहावा: नंतरच्या २० बिट यंत्रांवर जुन्या १६ बिट टेप चालतात, उलट चालत नाही.

अलेसिसच्या २००१ च्या एचडी२४ या चोवीस ट्रॅकच्या यंत्रात टेप जाऊन काढता येणाऱ्या आयडीई डिस्क आल्या, पण त्यांची फाइल सिस्टिम अलेसिसची स्वतःची. अशी डिस्क विंडोजला जोडली की तो ती ओळखत नाही आणि फॉरमॅट करू का असे विचारतो. ‘हो’ म्हणू नये. यंत्राला इथरनेट आहे, पण १० मेगाबिटचे. चोवीस ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला सुमारे ३.४६ मेगाबाइट, आणि त्या तारेतून जास्तीत जास्त सव्वा मेगाबाइट जातो. एका तासाच्या रेकॉर्डिंगला कमीत कमी पावणेतीन तास लागतात. तीन ऑप्टिकल केबल लावून वाजवत उतरवले तर ते एका तासात होते.